पागडीचं सॉफ्टवेअर

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलेल्या माणसाचं पहिलं सर्किट बहुतेक ठरलेलं असतं. ५५५ नावाची आठ पायांची आयसी, तीन रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक एलईडी आणि नऊ व्होल्टची बॅटरी. आयसीला पाय आठ आणि सर्किटात नगही आठच. १० किलोओहम, ६८ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड असं गणित बसवलं की दिवा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो. लुकलुकणं हेच त्याचं काम, त्यापलीकडे त्याच्याकडून कोणाची अपेक्षा नसते. हान्स कामेनझिंड यांनी ही आयसी १९७१ साली रचली, पुढच्या वर्षी सिग्नेटिक्स कंपनीने ती बाजारात आणली, आणि तेव्हापासून ती नवशिक्यांच्या टेबलावर लुकलुकतेच आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलं, तर कपॅसिटरला कंडेन्सर म्हणणारा दुकानदार हे सगळं एका चिमुकल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पण या आठ नगांसाठी बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर निवडायची वेळ आली की आपला नवशिका एकदम गंभीर होतो. तो विचारतो, ‘‘यात तांब्याचे थर किती चढवता येतात?’’ कीकॅड नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२ चढतात. मोबाइल फोनचा बोर्डही एवढे थर मागत नाही. दिव्याला एक पुरतो. तरी ३२ हा आकडा ऐकून त्याला जरा बरं वाटतं, उद्या लागले तर असावेत म्हणून. त्रिमिती चित्र दिसतं का, ट्रॅक आपोआप आखले जातात का, शेजारून धावणाऱ्या दोन ट्रॅकची लांबी मिलिमीटरच्या अंशापर्यंत जुळवता येते का, हे सगळं तो एका वहीत टिपून घेतो. तीन आठवडे तुलनेचे व्हिडिओ पाहण्यात जातात. पिशवी टेबलावर पडून असते. बॅटरी तेवढी काढून घरात कोणी तरी वापरून टाकतं.

माझं म्हणणं असं की या वहीतले जवळजवळ सगळे प्रश्न गैरलागू आहेत, आणि जो एक विचारायला हवा तो त्यात नसतोच. सॉफ्टवेअरमध्ये शिरणं किती सोपं आहे हे सगळे पाहतात. त्यातून निघावं लागलं तर आपलं सामान बाहेर काढता येईल का, हे कोणी पाहत नाही. बारशाच्या दिवशी वाटणीपत्राचा विषय काढल्यासारखं हे वाटेल, याची कल्पना आहे. म्हणून आधी ही सॉफ्टवेअरं नेमकं काय करतात ते पाहू.

ती एका गोष्टीचे दोन नकाशे सांभाळतात. पहिला नकाशा नात्यांचा: कोणाचा कोणता पाय कोणाच्या कोणत्या पायाला जोडायचा. यात रेझिस्टर म्हणजे नुसती नागमोडी रेघ किंवा चौकोन. त्याला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. दुसरा नकाशा जागेचा: खऱ्या बोर्डावर भोकं कुठे, त्यांच्यात अंतर किती, तांब्याचा ट्रॅक कुठून कुठे. आयसीच्या दोन पायांत २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. या दुसऱ्या नकाशावर प्रत्येक नगाला जो देह मिळतो त्याला फूटप्रिंट म्हणतात. पहिल्या नकाशातली नाती दुसऱ्यावर उतरवली की पडद्यावर बारीक रेघांचा असा काही गुंता उभा राहतो की त्याला इंग्रजीत उंदराचं घरटं म्हणतात. आपल्याकडे गणपतीच्या माळा वर्षभराने खोक्यातून काढल्यावर जे दिसतं ते. हा गुंता एकेक रेघ सोडवत तांब्यात उतरवायचा, हेच लेआउटचं काम. मग सॉफ्टवेअर तपासणी करतं: दोन ट्रॅक फार जवळ आले का, एखादं नातं जोडायचं राहिलं का. सगळं ठीक असलं की चुका शून्य म्हणून सांगतं, आणि नवशिका खुर्चीत रेलतो.

इथे बीसी५४७ आठवावा. आपल्याकडच्या कुठल्याही दुकानात मिळणारा हा तीन पायांचा काळा ट्रान्झिस्टर. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. अमेरिकी पुस्तकांतून ज्याची ओळख होते तो २एन३९०४ दिसायला तंतोतंत तसाच, पण त्याचे पाय तसेच धरून मोजले तर एमिटर, बेस, कलेक्टर. म्हणजे नेमके उलटे. नवशिका सर्किट उतरवतो पुस्तकातून, फूटप्रिंट घेतो पुस्तकातल्याचं आणि नग आणतो तपकीर गल्लीतून. सॉफ्टवेअर या प्रकरणात ब्रही काढत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तीन भोकं आहेत, तीन पाय आहेत आणि नाती जुळलेली आहेत. महागातलं महाग सॉफ्टवेअर आणि फुकटातलं फुकट सॉफ्टवेअर या बाबतीत सारखंच निर्विकार. डेटाशीट उघडून पाय मोजायची सवय हाच यावरचा उपाय, आणि ती कुठल्याही मेनूत सापडत नाही. शिकण्याचा मोठा भाग हा असा आहे. तो कुठल्याही सॉफ्टवेअरवर शिकता येतो आणि एकदा शिकला की दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जाताना सोबत येतो.

दुसरा पुरावा गर्बर फाइलचा. बोर्ड आखून झाला की कारखान्याला जे पाठवायचं ते बहुतेक वेळा याच नावाच्या फाइलींत. तांब्याच्या प्रत्येक थराची एक, वरच्या हिरव्या मुखवट्याची एक, पांढऱ्या छपाईची एक, आणि भोकांचा हिशोब वेगळा. नाव आलं ते जोसेफ गर्बर यांच्या कंपनीवरून. व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून निसटून १९४० साली अमेरिकेत पोचला. तिथे इंजिनिअरिंगच्या अभ्यासात आलेखांवरची मोजमापं करताना त्याला ताणून लहानमोठी करता येईल अशी पट्टी हवी होती. ती त्याने केली पायजम्याच्या इलॅस्टिकवर खुणा करून. पुढे त्याच्या कंपनीने प्रकाशाने चित्र काढणारी यंत्रं बनवली आणि त्या यंत्रांची भाषा सगळ्या धंद्याची भाषा झाली. पायजम्यापासून निघून इतक्या लांब पोचलेली दुसरी तांत्रिक कल्पना मला तरी ठाऊक नाही. मुद्दा असा, की चीनमधल्या कारखान्याच्या हाती पडते ती ही फाइल. ती लाखांच्या सॉफ्टवेअरमधून निघाली की फुकटच्या, हे तांब्याला कळत नाही. आठ नगांच्या बोर्डाकडे पाहून तो कशात आखला हे सांगणारा माणूस भेटला तर त्याने ज्योतिषाचं दुकान काढावं.

मग फरक उरतो कुठे? तो बोर्डात उरत नाही, मूळ फाइलीत उरतो. गर्बर म्हणजे शिजलेला भात. त्यातून पुन्हा तांदूळ काढणं जवळजवळ अशक्य. उद्या एक रेझिस्टर हलवायचा झाला तर मूळ नकाशेच उघडावे लागतात, आणि ते उघडायची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हा खरा प्रश्न.

याचा सगळ्यात बोलका दाखला ईगलचा. जर्मनीतल्या कॅडसॉफ्ट कंपनीने १९८८ साली काढलेलं हे सॉफ्टवेअर अनेक वर्षं हौशी मंडळींचं लाडकं होतं. फुकटच्या आवृत्तीत दोन थर आणि १०० गुणिले ८० मिलिमीटरचा बोर्ड, म्हणजे साधारण पोस्टकार्डाहून थोडा लहान. दिव्याला तेवढ्यात चौसोपी वाडा बांधता येतो. जास्त हवं असेल त्याने एकदा पैसे भरून परवाना घ्यायचा. मुंबईकराला हे लगेच समजेल, कारण ही चक्क पागडीची खोली होती. मालकी आपली नाही, पण एकदा रक्कम मोजली की उठवणारंही कोणी नाही. अमेरिकेतल्या स्पार्कफन आणि अ‍ॅडाफ्रूट या हौशींच्या आवडत्या कंपन्याही आपले खुले नकाशे ईगलमध्ये देत, त्यामुळे चाळीत शेजारही चांगला होता. मग मालक बदलू लागले. २००९ साली इलेक्ट्रॉनिक सामान विकणाऱ्या फार्नेलने कंपनी घेतली, २०१६ साली ईगल ऑटोडेस्ककडे गेलं. जानेवारी २०१७ मध्ये नव्या मालकाने पागडी बंद करून भाडं सुरू केलं: महिन्याचं किंवा वर्षाचं, आणि सॉफ्टवेअरला अधूनमधून इंटरनेटवर हजेरी लावायला लावायची. जुन्या आवृत्तीचा परवाना असलेल्यांना कोणी उठवलं नाही हे मान्य केलं पाहिजे, पण चाळीची डागडुजी आता नव्या भाडेकरूंपुरतीच. २०२३ साली नोटीस लागली की ईगल ७ जून २०२६ रोजी बंद होणार, सगळ्यांनी शेजारच्या फ्यूजन नावाच्या टॉवरमध्ये राहायला यावं, तिथे जागा केलेली आहे. पुनर्विकास म्हणतात तो हाच. टॉवर वाईट नाही, लिफ्ट आहे, खोलीही मोठी असेल. पण पस्तीसेक वर्षांची चाळ गेली, आणि भाडेकरूचा सल्ला कोणी विचारला नाही.

आता यातली खरी कामाची गोष्ट. ईगलच्या लोकांनी सहाव्या आवृत्तीपासून आपल्या फाइली उघड्या, वाचता येणाऱ्या मजकुरात ठेवायला सुरुवात केली होती. त्यामुळे दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना त्या वाचणारी सोय करता आली. कीकॅडमध्ये ईगलचा प्रकल्प थेट उघडता येतो. थोडी झाडझूड करावी लागते, पण कपाटं, भांडी, देव्हारा सगळं पोचतं. शिरताना ज्यांनी फक्त रंगरंगोटी पाहिली होती, त्यांना निघताना वाचवलं ते या एका सुविधेने, जी बहुधा कोणाच्याही तुलनेच्या वहीत नव्हती.

या कसोटीवर कीकॅड उजवं ठरतं. झाँ-पियेर शारास या प्राध्यापकांनी ग्रेनोबलमध्ये १९९२ साली ते सुरू केलं, ते मुक्त परवान्याखाली आहे, आणि २०१३ पासून सर्न या अणुसंशोधन केंद्राने त्यावर काम करणारी माणसं दिली. विश्वाचे मूलकण शोधणाऱ्यांना बोर्ड आखायचे होते, आणि त्यांनी केलेल्या कामाचा फायदा आपल्या दिव्याला आपसूक मिळाला. त्यांच्या काळात आलेला ट्रॅक आखायचा एक प्रकार तर आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे: नवा ट्रॅक मध्ये घुसवला की आधीचे ट्रॅक अंग चोरून बाजूला सरकतात. सकाळी ८.१७ च्या लोकलमध्ये चौथी सीट याच तत्त्वावर मिळते. पण कीकॅडची आरती ओवाळायची नाही. नवशिक्याला ते सुरुवातीला छळतं. रेझिस्टर ठेवला तरी त्याला देह नसतो, तो वेगळा नेमून द्यावा लागतो. ‘‘रेझिस्टर तो रेझिस्टर, त्याला आणखी काय विचारायचं?’’ असं म्हणणाऱ्याची पहिली संध्याकाळ यातच जाते. माझ्या मते मात्र ती संध्याकाळ सत्कारणी लागते, कारण पाव वॅटचा की अर्ध्या वॅटचा, आडवा की उभा, हे त्याला तेव्हा प्रथमच कळतं, आणि बीसी५४७ चा अपघात टळण्याची थोडी आशा निर्माण होते. दुसरी खोट जास्त खरी आहे: नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. आता दर वर्षी नवी आवृत्ती येते. म्हणजे मित्राकडे मागच्या वर्षीचं कीकॅड असेल तर त्याला फाइल देऊन उपयोग नाही. पण त्याने नवं घ्यायचं म्हटलं तर ते फुकट आहे, आणि फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर कंसांच्या गर्दीत आर१ आणि १०के असं साध्या डोळ्यांनी वाचता येतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाहत्यांचा, आणि तो पोकळ नाही. ईझीईडीए घ्या. काही उतरवून घ्यायला नको. रेझिस्टर मागितला की तो चिनी दुकानातल्या खऱ्या रेझिस्टरसकट, देहासकट, किमतीसकट येतो. बोर्ड आखून झाला की कारखान्याला ऑर्डर द्यायचं बटण तिथेच. पहिला बोर्ड यात लवकर होतो हे कबूल करायला हवं. फक्त ही सोय दुकानाने केली आहे, हे विसरू नये. साडीच्या दुकानात चहा येतो तो पातळ असतो म्हणून कोणी तक्रार करत नाही, पण चहा पिऊन झाल्यावर शेजारच्या दुकानात भाव विचारायला पाय जड होतात. त्या चिनी दुकानाच्या सूचीतला नग आपल्याकडे मिळत नाही, आपल्याकडे मिळतो तो सूचीत नाही, अशा फेऱ्या सुरू होतात. तरीही माझीच कसोटी लावली तर ईझीईडीए नापास होत नाही. नकाशे उतरवून आपल्या संगणकावर ठेवता येतात आणि कीकॅडच्या आठव्या आवृत्तीपासून ते तिथे उघडतातही. तेव्हा ज्याला तिथे सुरुवात करायची त्याने खुशाल करावी, फक्त आठवड्याला एकदा आपलं सामान घरी आणून ठेवावं. फ्रिट्झिंगचं मात्र वेगळं. जर्मनीत पॉट्सडामच्या महाविद्यालयात जन्मलेलं हे सॉफ्टवेअर ब्रेडबोर्डची, म्हणजे सोल्डर न करता नग खोचायच्या फळीची, इतकी गोड चित्रं काढतं की पाहत राहावं. चित्रं काढावीत. बोर्ड काढायची वेळ आली की निघावं.

दुसरा आक्षेप घरातून येतो: कंपन्यांत अल्टियम वापरतात, तर तेच शिकावं, पुढे नोकरीला उपयोग होईल. टास्मानियात १९८५ साली प्रोटेल म्हणून सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर खरोखरच ताकदीचं आहे आणि २०२४ साली जपानच्या रेनेसासने ती कंपनी विकत घेतली. म्हणजे तिथेही मालक बदलला, हे ओघाने आलं. पण परवाना लाखांत जातो. मग दिव्याचा मालक काय करतो? तो कोणाकडून तरी पेन ड्राइव्ह आणतो. त्यातल्या सूचनेची पहिली ओळ असते: अँटिव्हायरस बंद करा. कुलूप काढून ठेवा, आम्ही येतोय, असं चोराने पत्र पाठवावं आणि घरमालकाने किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवून जावं, त्यातला हा प्रकार. नैतिकता बाजूला ठेवली तरी निघण्याच्या कसोटीवर ही सोय पहिल्याच फेरीत बाद होते. नवी आवृत्ती घेता येत नाही, संगणक बदलला की पेन ड्राइव्ह शोधावा लागतो, आणि तो दिलेला मित्र एव्हाना बंगळुरूला असतो. नोकरीचं म्हणाल तर मुलाखतीत मेनू कुठे आहे ते विचारत नाहीत, ट्रॅकची रुंदी इतकीच का ठेवली ते विचारतात. त्याचं उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये शिकता येतं.

याच वाटेवर आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं दैवत भेटतं, ते म्हणजे प्रोटियस. त्यात सर्किट चालवून पाहता येतं. दिवा पडद्यावरच लुकलुकतो, बॅटरीशिवाय. मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम तपासायला ही सोय उत्तम, आणि सर्किट आधी गणिताने चालवून पाहण्याची कल्पनाही जुनी आणि भक्कम: बर्कलीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घडलेला स्पाइस हा त्या सगळ्यांचा मूळपुरुष. पण दिवा पडद्यावर लुकलुकला की बऱ्याच जणांचं समाधान तिथेच होतं आणि पिशवी पुन्हा टेबलावर राहते. पडद्यावरच्या बॅटरीचा शेल उतरत नाही, पायावर गंज चढत नाही, सोल्डर थंड पडत नाही. ज्याला अशी चाचणी हवीच आहे त्याला पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आहे, जे कीकॅड आणि एनजीस्पाइस यांनाच एकत्र बांधून केलंय. फुकट आहे, मुक्त आहे आणि कांजूरमार्गला उतरून दहा मिनिटांवर घडलेलं आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात जुना आणि मला सगळ्यात आदरणीय वाटतो. तो घेणारी माणसं म्हणतात, आठ नगांना सॉफ्टवेअर हवं कशाला? झीरो पीसीबी घ्या, म्हणजे तो सगळीकडे भोकंच भोकं असलेला बोर्ड, आणि तारेने जोडून टाका. किंवा तांब्याच्या पत्र्यावर मार्करने रेघा ओढा आणि फेरिक क्लोराइडमध्ये बुडवा. याला माझं उत्तर असं की बरोबर आहे. दिवा ब्रेडबोर्डवर लावावा, त्यासाठी संगणक सुरूही करू नये. शिवाय माझ्याच कसोटीवर आलेखाचा कागद पहिला येतो: तीस वर्षांनी उघडायला ना परवाना लागतो, ना नवी आवृत्ती. त्याचा शत्रू एकच, झुरळ. पण कागदाचीही एक हद्द आहे. अर्ध्या मिलिमीटरवर पाय असलेली आयसी आली की मार्कर थांबतो. तोच बोर्ड दुसऱ्यांदा करायचा झाला की सगळ्या रेघा पुन्हा. लेझर प्रिंट काढून तांब्यावर इस्त्री फिरवायची घरगुती पद्धत आहे, तिच्यात छापील चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. हे वेळेवर लक्षात आलं नाही तर आयसी बोर्डाच्या खालच्या अंगाला लावून पाय आकाशाकडे करावे लागतात. आणि फेरिक क्लोराइडचा पिवळट तपकिरी डाग मोरीच्या फरशीवर एकदा पडला की तो घर विकेपर्यंत राहतो. सॉफ्टवेअर लागतं ते या टप्प्यावर, आणि बोर्ड सुंदर यावा हे त्याचं कारण नसतं. तो पुन्हा करावा लागणार असतो, म्हणून ते लागतं.

कारण पहिला बोर्ड चुकतो. तपासणीत चुका शून्य निघाल्या तरी चुकतो. बॅटरीच्या क्लिपची भोकं बारीक निघतात, एलईडी डब्याच्या भिंतीआड जातो, बीसी५४७ उलटा बसतो. स्वस्तातले चिनी कारखाने बहुधा पाचाखाली बोर्ड देत नाहीत, म्हणून चूक पाच प्रतींत येते: हिरवीगार, गुळगुळीत, पांढऱ्या अक्षरांत आपलं नाव आणि खाली ‘आवृत्ती १’ असं छापलेली. एकावर तार जोडून कसाबसा दिवा लागतो. उरलेले चार चहाच्या कपाखाली जातात. मग आठवड्याने म्हणा, दोन वर्षांनी म्हणा, कपाखालचा एक बोर्ड उचलून माणूस त्याच्याकडे बघतो, पुसतो, आणि ‘आवृत्ती २’ करायला जुनी फाइल शोधतो.